पुणे मातृपोषण अभ्यास

पुणे मातृपोषण अभ्यास हा पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांमध्ये १९९३ साली सुरू झालेला दीर्घकालीन वैद्यकीय संशोधन प्रकल्प आहे. गर्भधारणेपूर्वीची आणि गर्भारपणातील आईची स्थिती, म्हणजे तिचा आहार, शरीरयष्टी, कष्ट आणि रक्तातील पोषकद्रव्ये, यांचा मुलाच्या जन्मावेळच्या आकारमानावर व पुढील आयुष्यातील आरोग्यावर काय परिणाम होतो, याचा शोध घेणे हा त्याचा उद्देश होता. पुण्याच्या किंग एडवर्ड मेमोरियल (के. ई. एम.) रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील मधुमेह विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली तो हाती घेतला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मेडिकल रिसर्च कौन्सिलचा पर्यावरणीय साथरोगशास्त्र विभाग या कामात सहभागी होता. (पुण्याच्या रास्ता पेठेतील हे रुग्णालय आणि मुंबईतील परळचे त्याच नावाचे महापालिका रुग्णालय या दोन वेगळ्या संस्था आहेत. वृत्तपत्रांतही त्यांची गल्लत झालेली आढळते.)

एका विशिष्ट काळात व ठिकाणी जन्मलेल्या मुलांचा गट निवडून त्यांची वर्षानुवर्षे तपासणी करीत राहण्याच्या पद्धतीला ‘जन्मगट अभ्यास’ म्हणतात. इंग्रजी ‘कोहोर्ट’ हा शब्दही मराठीत रूढ होत आहे. पुण्याच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, त्याची सुरुवात मुलाच्या जन्मापासून होत नाही. मूल पोटात येण्याच्याही आधी होते. मुलांच्या आरोग्यावरील पर्यावरणाचा प्रभाव म्हटले की हवा, पाणी, धूर, सांडपाणी यांचा विचार प्रथम मनात येतो. या संशोधनाने त्या शब्दाची कक्षा मागे नेली. मुलाचे पहिले पर्यावरण म्हणजे आईचे शरीर, आणि ते गर्भधारणेच्या कितीतरी आधीपासून घडत आलेले असते, हे त्याचे मूळ गृहीतक होय.

पार्श्वभूमी

प्रौढ वयातील आजारांची मुळे बालपणात किंवा त्याहीपूर्वी असू शकतात, ही कल्पना १९८० च्या दशकात ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी ठामपणे मांडली. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बाळांची जन्मवजने व वर्षाच्या वयाची वजने वह्यांत नोंदवीत. बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या वह्यांच्या आधारे १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा पुढील जीवनक्रम तपासला. जन्मतः आणि पहिल्या वर्षी कमी वजन असलेल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. नोंदवह्या लिहिणाऱ्या सेविकांना आपल्या अक्षरांचा हा उपयोग पुढे होईल, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

दुसरा पुरावा युद्धाने दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. त्या काही महिन्यांत गर्भात असलेल्या मुलांची पुढे प्रौढपणी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीरातील साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. त्याआधीच, १९९२ मध्ये, निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी या कल्पनेला सैद्धांतिक रूप दिले होते. पोटात असताना अन्नाची टंचाई झाली, तर गर्भ मेंदूसारख्या अवयवांना झुकते माप देतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाढीत काटकसर करतो. जन्मानंतर अन्न विपुल मिळाले की हीच काटकसर त्याला महाग पडते, असे या सिद्धांताचे थोडक्यात स्वरूप आहे.

पुण्यातील डॉक्टरांना हा प्रश्न वेगळ्या बाजूने भेडसावत होता. त्यांच्याकडे येणारे मधुमेही रुग्ण पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील वर्णनापेक्षा वयाने लहान असत, आणि पुष्कळदा अंगाने सडसडीत असत. चरबी असे ती पोटाभोवती. के. ई. एम. रुग्णालयातच १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांची चौथ्या आणि पुढे आठव्या वर्षी तपासणी झाली. १९९५ आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, जन्मतः लहान असलेली परंतु आठव्या वर्षापर्यंत अंगाने मोठी झालेली मुले हृदयविकार व मधुमेह यांच्या पूर्वलक्षणांच्या दृष्टीने सर्वांत जोखमीच्या स्थितीत होती. मात्र ही शहरी रुग्णालयात जन्मलेली मुले होती आणि गर्भारपणात त्यांच्या आया काय खात होत्या, याची नोंद कोणीच ठेवलेली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी खेड्यात जाणे क्रमप्राप्त होते.

यासाठी जमीन आधीच तयार झालेली होती. रुग्णालयाच्या संचालक डॉ. बानू कोयाजी (१९१७–२००४) यांनी १९७० च्या दशकापासून शिरूर तालुक्यातील वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती प्राथमिक आरोग्यसेवा सोपविण्याच्या या प्रयोगामुळे रुग्णालयाचे नाव ग्रामीण भागात परके राहिले नव्हते. अनोळखी माणसाने दारात येऊन सुनेच्या पाळीची तारीख विचारावी आणि घराने ती सांगावी, हे अशा विश्वासाशिवाय घडत नाही.

अभ्यासाची रचना

सहा गावांतील मूल होण्याच्या वयातील विवाहित स्त्रियांची नोंद करण्यात आली. त्यांपैकी २,४६६ स्त्रियांनी सहभागास संमती दिली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन शेवटच्या पाळीची तारीख लिहून घेत. सलग दोन पाळ्या चुकल्या की सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित केले जाई. ही दक्षता वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु अभ्यासाचे सारे बळ तिच्यात आहे. बाळ लहान जन्मले ते दिवस भरण्याआधी जन्मले म्हणून, की दिवस भरूनही त्याची वाढ झाली नाही म्हणून, हे ठरविता आले नाही तर जन्मवजनाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. आणि भारतातील बहुतेक जुन्या नोंदींत नेमके हेच कळत नसे.

गर्भधारणेपूर्वी स्त्रीची उंची, वजन, दंडाचा घेर व कातडीच्या घडीची जाडी मोजलेली असे. पुढे साधारण अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा मोजमापे, आहाराची चौकशी, दैनंदिन कामांची नोंद आणि रक्ततपासणी होई. बाळाची मोजमापे जन्मानंतर ७२ तासांच्या आत घेतली जात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असलेल्या समाजात ही मुदत पाळणे किती कठीण असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको.

या स्त्रियांचे सरासरी वय २१ वर्षांच्या आसपास होते. गर्भधारणेपूर्वी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा त्यांचा देहभार निर्देशांक (बॉडी मास इंडेक्स) सरासरी १८.१ होता. १८.५ पेक्षा कमी निर्देशांक हे प्रौढांमध्ये कृशतेचे लक्षण मानले जाते. म्हणजे या गावांतील सर्वसाधारण सून लग्नानंतर आई होण्याच्या उंबरठ्यावर उभी असतानाच कृश होती.

आहार आणि कष्ट

गर्भारपणाच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास या स्त्रियांच्या आहारातून दिवसाला सरासरी १,७७० किलोकॅलरी ऊर्जा व ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. दोन्ही प्रमाणे शिफारशीपेक्षा बरीच कमी आहेत. दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २,६६५ ग्रॅम भरले.

आईने जितके अधिक खाल्ले तितके बाळ मोठे, असा सरळ संबंध हाती लागेल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. शोभा राव व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ७९७ गर्भवतींच्या माहितीवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यात एकूण ऊर्जा किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकारमानाशी ठळक संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो विशिष्ट पदार्थांशी. अठराव्या आठवड्यात दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे मोठी होती. कृश स्त्रियांमध्ये पालेभाज्यांचा हा संबंध अधिक स्पष्ट होता. भाकरीने पोट भरते, परंतु गर्भाच्या वाढीला लागणारी सूक्ष्म पोषकद्रव्ये भाकरीबरोबरच्या भाजीतून आणि दुधातून येतात, असा या निष्कर्षाचा अर्थ लावला जातो. यात एक सामाजिक बाजू दडलेली आहे. पालेभाजी ही काही श्रीमंतांची मिरास नव्हे. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा शेताच्या बांधावरही मिळतात. पण घरातील सर्वांची जेवणे आटोपल्यावर जेवायला बसणाऱ्या सुनेच्या ताटात भाजी किती उरते, हा प्रश्न पीकपाण्याचा राहत नाही.

आहाराइतकाच महत्त्वाचा ठरलेला विषय म्हणजे श्रम. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गर्भवतींच्या शेतातील व घरातील कामांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्यात आली. विहिरीवरून पाणी आणणे, कपडे धुणे, शेतातील मजुरी या सर्वांचा त्यात समावेश होता. जितके कष्ट अधिक, तितके बाळाचे वजन, डोक्याचा घेर व दंडाचा घेर कमी, असा कल दिसून आला. मातृपोषणाच्या सरकारी योजना बहुधा ‘काय खायला द्यावे’ या प्रश्नापाशी थांबतात. डोक्यावरचा हंडा उतरविणे हाही पोषणाचाच एक मार्ग आहे, हे या आकडेवारीतून मोजून दाखविले गेले. हंगामानुसार स्त्रियांचा आहार व कामाचा भार बदलतो आणि त्याचा ठसा बाळाच्या आकारमानावर उमटतो, असेही पुढील विश्लेषणात आढळले.

कृश पण मेदयुक्त बाळ

अभ्यासाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत दिवस भरून जन्मलेल्या ६३१ बाळांची तुलना साउदॅम्प्टन येथील ३३८ गोऱ्या बाळांशी करण्यात आली. सरासरी वजन भारतीय बाळांचे २.७ किलो, तर इंग्लिश बाळांचे ३.५ किलो होते. एवढे अपेक्षितच होते. परंतु ही आठशे ग्रॅमची तूट शरीरात सर्वत्र सारखी विभागलेली नव्हती.

इंग्लिश बाळांच्या सरासरीपासूनचे अंतर प्रमाण विचलनाच्या एककात मांडले असता भारतीय बाळांच्या पोटाचा घेर २.३८ एककांनी आणि दंडाचा घेर १.८२ एककांनी कमी भरला. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली मोजलेली कातडीच्या घडीची जाडी मात्र केवळ ०.५३ एककाने कमी होती. पोटाच्या घेरावरून यकृतासारख्या आंतरिक अवयवांची, दंडावरून स्नायूंची आणि कातडीच्या घडीवरून त्वचेखालील चरबीची कल्पना येते. याचा अर्थ असा की अवयव व स्नायू यांची वाढ खुंटली, पण चरबी बव्हंशी टिकून राहिली. अशा बाळाला ‘कृश-मेदयुक्त बाळ’ असे संबोधण्यात आले. पुणे व लंडन येथील नवजात बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना त्याआधी, २००२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पुण्याची बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण अधिक आढळले होते.

हीच गोष्ट प्रौढांच्या बाबतीत समजावून सांगण्यासाठी याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात एकमेकांशेजारी उभे असलेले स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने ओळखले जाते. विषय शिकविण्याचे इतके नेमके साधन क्वचितच सापडते.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. केवळ वजनाचा काटा पाहून बाळ ‘कमी’ आहे असे ठरविले आणि ते वजन भरून काढण्याच्या मागे लागले, तर वाढते ती प्रामुख्याने चरबी असण्याचा धोका संभवतो. अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. वजनाबरोबर उंचीकडेही लक्ष असावे, एवढे मात्र त्यातून निश्चित सूचित होते.

जीवनसत्त्व बी-१२ आणि फोलेट

गर्भवतींच्या रक्ताचे नमुने गोठवून जतन केलेले असल्यामुळे अभ्यासाला अनपेक्षित दिशेने पुढे जाता आले. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. तपासणीत सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये त्याची पातळी कमी आढळली. याउलट फोलेटची, म्हणजे पालेभाज्यांतून व सरकारी लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची, कमतरता केवळ एका स्त्रीमध्ये होती. ही गावे पूर्णतः शाकाहारी नव्हती. पण मांसाहार सणासुदीपुरता आणि दूध बव्हंशी डेअरीकडे जाणारे, अशा घरांत शाकाहार-मांसाहार हा भेद नावापुरताच उरतो.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मुलांच्या सहाव्या वर्षीच्या तपासणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या आयांच्या रक्तात गर्भारपणी फोलेट अधिक होते, त्या मुलांच्या शरीरात चरबी अधिक व इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होता. सर्वांत जास्त इन्सुलिन-रोध आढळला तो आईचे बी-१२ कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मुलांत. दोन्ही जीवनसत्त्वे शरीरात एकाच रासायनिक साखळीत काम करतात. डीएनए तयार करणे आणि जनुकांवर मिथाइल गटाच्या खुणा उमटविणे ही कामे त्या साखळीवर अवलंबून असतात. एक कडी दुबळी असताना दुसरीवर भर दिल्याने समतोल बिघडत असावा, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

हा निष्कर्ष प्रसारमाध्यमांतून पसरताना त्याचा विपर्यास होण्याची शक्यता असते, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. फॉलिक आम्लामुळे बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टळतात, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. गर्भवतींनी गोळ्या घेऊ नयेत असे या अभ्यासात कोठेही म्हटलेले नाही. त्याने उपस्थित केलेला प्रश्न इतकाच की, जेथे बी-१२ ची कमतरता सार्वत्रिक आहे तेथे केवळ लोह व फॉलिक आम्ल देणे पुरेसे आहे काय. शिवाय हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास होता. निरीक्षणातून संबंध कळतो. कारण सिद्ध करण्यासाठी प्रयोग करावा लागतो.

आकलनशक्तीविषयीही काही माहिती हाती आली. गर्भारपणी बी-१२ अत्यल्प असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी, लक्ष एकाग्र करण्याच्या व अंक उलट्या क्रमाने लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत, चांगली पातळी असलेल्या मातांच्या मुलांपेक्षा मागे पडली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा आधार असलेला गट लहान होता. तरीही वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून ज्या मुलावर शिक्का बसतो, त्याच्या दुर्लक्षाचा इतिहास किती मागे जाऊ शकतो, याची चुणूक त्यातून मिळते.

अठराव्या वर्षी

मुलांची सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षी सविस्तर तपासणी झाली. अठराव्या वर्षी ६१९ जणांची ग्लुकोज चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जवळपास निम्मी मुले-मुली (४८ टक्के) कृश होती. तरीही ३७ टक्के मुलगे व १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेपेक्षा अधिक होती. बहुतेकांची स्थिती मधुमेहपूर्व अवस्थेची होती. ज्यांची गर्भातील वाढ कमी झालेली होती आणि ज्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या व बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा अधिक होती, त्यांच्यात हे प्रमाण जास्त आढळले. मधुमेह हा शहरी, सुखवस्तू व स्थूल माणसांचा आजार, ही लोकमानसातील प्रतिमा या आकड्यांपुढे टिकत नाही.

प्रौढ वयातच साखर तपासण्याच्या धोरणावर त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले. प्रतिबंध करावयाचा तर तो केव्हा सुरू करावा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक फेरीगणिक मागे मागे सरकत गेले आहे: प्रौढपणाकडून शाळेकडे, शाळेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून किशोरवयीन मुलीकडे.

निरीक्षणाकडून प्रयोगाकडे

दूध, फळे व पालेभाज्या यांचा बाळाच्या आकारमानाशी दिसलेला संबंध खरोखर कार्यकारणाचा आहे का, हे तपासणारा प्रयोग मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात झाला. ‘सरस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पात ६,५१३ स्त्रिया सहभागी झाल्या. निम्म्या स्त्रियांना पालेभाज्या, फळे व दूध वापरून केलेला खाऊ, तर उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून रोज दिला गेला. एकंदर गटाचा विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने पौष्टिक खाऊ खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. ४८ ग्रॅम ही वाढ तुटपुंजी आहे, हे मान्य करावे लागते. पिढ्यान्‌पिढ्यांची उणीव काही महिन्यांच्या खाऊने भरून निघणे अवघड, असे तिचे एक स्पष्टीकरण. अतिकृश स्त्रियांमध्ये परिणाम कमी दिसला, ही बाब त्याला दुजोरा देते.

पुण्याच्या खेड्यांत २०१२ साली ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. १९९० च्या दशकात गर्भात असताना ज्यांची नोंद झाली होती, तीच मुले-मुली आता किशोरवय संपवीत होती. त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला दररोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला बी-१२ सोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि तिसऱ्याला परिणामशून्य गोळी देण्यात आली. लोह व फॉलिक आम्ल सर्वांनाच मिळत होते. गोळ्या मुलींच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत द्यावयाच्या होत्या. बाळांच्या जन्मवजनात त्यामुळे उल्लेखनीय फरक पडला नाही. परंतु केवळ बी-१२ मिळालेल्या मातांच्या मुलांनी दोन वर्षांच्या वयात आकलन व भाषा यांच्या चाचण्यांत अधिक चांगली कामगिरी केली. तपासलेल्या मुलांची संख्या थोडी असल्यामुळे या निष्कर्षाकडे पुढील संशोधनाची दिशा म्हणून पाहिले जाते.

इतर जन्मगट अभ्यास

भारतात याआधी नवी दिल्ली येथे १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा गट अभ्यासला गेला. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७ मध्ये आणखी एक अभ्यास सुरू झाला. ब्राझीलमधील पेलोटास (१९८२) आणि इंग्लंडमधील एव्हन (१९९१) येथील गट जगप्रसिद्ध आहेत. अमेरिकेने २००० साली कायदा करून एक लाख मुलांचा जन्मापासून एकविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेण्याची ‘राष्ट्रीय बालक अभ्यास’ ही योजना आखली होती. शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्यानंतर, मुख्य अभ्यास सुरू होण्यापूर्वीच, डिसेंबर २०१४ मध्ये ती गुंडाळण्यात आली. सहा गावांतला अभ्यास टिकला आणि लाख मुलांचा टिकला नाही, या तुलनेत थोडा अन्याय आहे. दोहोंच्या उद्दिष्टांत फार अंतर होते. तथापि असे संशोधन यंत्रांपेक्षा माणसांच्या चिकाटीवर, आणि त्याहून अधिक कुटुंबांच्या सहकार्यावर उभे असते, हे त्यातून दिसते.

मर्यादा

अभ्यासातील कुटुंबे एकाच भूभागातील व प्रामुख्याने शेतकरी आहेत. त्यामुळे निष्कर्ष इतरत्र लागू करताना विचार करावा लागतो. उदाहरणार्थ, सोलापूर शहराच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्यांचे श्रम पाणी वाहण्याच्या किंवा खुरपणीच्या श्रमांसारखे नाहीत. तासन्‌तास एकाच बैठकीत केलेले काम आणि घरभर पसरणारी तंबाखूची धूळ हे त्यांच्या गर्भाचे पर्यावरण आहे. पुण्याच्या खेड्यातील कामांची गुणपद्धती तेथे जशीच्या तशी वापरता येणार नाही. मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या मुलखातील आहारही तपशिलात निराळा आहे.

दुसरी मर्यादा ‘पर्यावरण’ या शब्दाशी निगडित आहे. अभ्यासाचा भर अन्न, शरीर व श्रम यांवर राहिला. चुलीचा धूर, कीटकनाशके, पाण्यातील घटक यांचे मोजमाप हा त्याचा मुख्य विषय नव्हता. १९९३ नंतरच्या तीन दशकांत पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग झपाट्याने बदलला. चाकण, रांजणगाव येथे कारखाने आले, विहिरीवरचे पाणी नळाने दारात आले, चुलीशेजारी गॅस आला, आणि दुकानात बिस्किटांचे पुडे टांगले गेले. गर्भात टंचाई अनुभवलेले शरीर या नव्या परिसरात कसे वागते, हे पाहण्यासाठी या गटातील तरुण-तरुणींची तपासणी चोविसाव्या वर्षीही करण्यात आली. ज्या मुलींचे वजन जन्मानंतर ७२ तासांच्या आत नोंदविले गेले होते, त्यांपैकी अनेक जणी आता स्वतः माता झाल्या आहेत आणि त्यांच्या मुलांच्या नोंदीही याच अभ्यासात होत आहेत.